खिडकीपाशी पाच जिभा

१२ जानेवारी, रविवार

उद्यापासून आमच्या दिवाणखान्याचं पाळणाघर होणार. जेवणाचं टेबल भिंतीला लागलं, काचेचं कपाट आतल्या खोलीत गेलं आणि माझी आरामखुर्ची गॅलरीत. खुर्चीपाठोपाठ मीही गॅलरीत जाईन असा हिचा हिशेब असावा.

ही वही हिनेच दिली. म्हणाली, "चौतीस वर्षं रंगखात्यात वही भरलीत, हात शिवशिवत असतील. माझ्या मागेमागे फिरून चुका काढण्यापेक्षा इथे लिहीत बसा."

आता चुका काढणं हाच माझा धंदा होता, त्याला मी काय करू? कापड रंगवायच्या कारखान्यात मी शेड मास्तर. रंगून आलेलं कापड नमुन्याशी ताडून बघायचं आणि पास की नापास ते सांगायचं. निवृत्त होऊन आठ महिने झाले. घरात पास-नापास करण्यासारखी फक्त भाजी उरली आहे, आणि भाजीवर बोललं की ही बोलते.

हिने वीस वर्षं बालवाडीत काढली, मुलं सांभाळणं हिच्या हातचा मळ. मला मुलांची सवय नाही. आम्हाला मूलबाळ झालं नाही; इथे एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे परत लिहायला नको.

माझी नेमणूक मदतनीस म्हणून झाली आहे. बिनपगारी आणि विनातक्रार.

१३ जानेवारी, सोमवार

पाच मुलं आली. खरी नावं हिच्या रजिस्टरात आहेत. माझ्या डोक्यात ती राहत नाहीत, म्हणून मी माझी ठेवली.

एक पोपट. बोलायचा थांबत नाही. एक बॅरिस्टर, चार वर्षांची मुलगी, "का?" विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही. एक जोडगोळी, दोघे जुळे, एकाला खाली ठेवलं की दुसरा चढतो. त्यांचा बाप गाडीचं इंजिन चालू ठेवूनच त्यांना दारात सोडतो आणि पळतो.

पाचवी सगळ्यांत लहान. अडीच वर्षांची, पण दीडाची वाटते. सावळी, काटकुळी, डोळे मात्र टपोरे. आई पोस्टात काउंटरवर असते, बाप लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. पोरीच्या नखांना लालभडक पॉलिश! अडीच वर्षांच्या पोरीला! मी नाक मुरडलं, हिने माझ्याकडे डोळे वटारले.

ही पोरगी जरा धावते, आणि मग मध्येच उकिडवी बसते. गुडघे छातीशी, हनुवटी गुडघ्यांवर, आणि बाकीच्यांचा खेळ बघत राहते. बांधकामावर मुकादम बसतो ना, विटा कोण नीट रचतंय ते पाहत, अगदी तशी. तिचं नाव मी मुकादम ठेवलं.

दिवस संपला तेव्हा ही खूश होती. मी आडवा होतो.

२१ जानेवारी, मंगळवार

आज गंमत झाली. मुकादम धावून धावून उकिडवी बसली, तर बॅरिस्टरही तिच्या शेजारी तशीच बसली. मग पोपट. मग जोडगोळी. पाचही जण ओळीने उकिडवे, गंभीर चेहरे करून. मी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या. आता तो खेळच झाला आहे: एक फेरी धावायचं, मुकादम बसली की सगळ्यांनी बसायचं, ती उठली की सगळ्यांनी उठायचं. बाकीचे लगेच चुळबुळ करतात. मुकादम आरामात बसते, धापा टाकत, आपल्या वेळेने उठते.

ही म्हणाली, "आळशी आहे हो ती. उचलून घ्या म्हणते सारखी."

मी म्हणालो, "पुढारी होईल. सगळ्यांना बसवते-उठवते."

४ फेब्रुवारी, मंगळवार

मुकादमला भरवणं म्हणजे तपश्चर्या. चार घास खाल्ले की थांबते, कपाळावर घाम येतो. एवढ्या थंडीत! हिचा धीर सुटला, मग वाटी माझ्याकडे आली. मी तिला कारखान्यातल्या रंगाच्या कढयांच्या गोष्टी सांगतो. हिरव्या कढईत पडलेल्या उंदराची गोष्ट ऐकताना सहा घास गेले. हा उच्चांक.

भरवताना मी तिचा हात हातात घेतला. बोटं काडीसारखी, पण टोकं मात्र गोल, गुबगुबीत. कलाकाराची बोटं आहेत असं हिला म्हटलं. ही म्हणाली, "तुम्हाला तिच्यात पुढारी दिसतो, कलाकार दिसतो. मला फक्त उरलेला भात दिसतो."

मला एवढा लळा लागेल असं वाटलं नव्हतं. लिहून ठेवतो, वही कुणी वाचत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.

दुपारी मुकादम झोपून उठली, ती रडतच. तोंड पुसायला गेलो तर ओठ जांभळट. काल काळी द्राक्षं दिली होती, म्हटलं आजही दिली असतील, त्याचेच डाग. ओल्या फडक्याने पुसले. जाईनात. जरा जोर लावला तशी ती अजूनच रडली.

ही आतून ओरडली, "काय करताय?"

"द्राक्षांचे डाग पुसतोय."

"आज द्राक्षं दिलीच नाहीत. केळं दिलं."

मी फडकं खाली ठेवलं.

आमच्या दिवाणखान्यात दिवसाही ट्यूबलाइट लागते. ट्यूबखाली रंग बघायचा नाही, हे मी खात्यातल्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगायचो. दिव्याखाली पास झालेला माल बाहेर नापास होतो. रंग बघायचा तो उत्तरेच्या खिडकीत, जिथे ऊन थेट येत नाही. आमची उत्तरेची खिडकी जिन्याजवळ आहे. मी मुकादमला कडेवर घेऊन तिथे गेलो. पाठोपाठ बाकीचे चारही आले, कारण मी कुठे जातो हे त्यांना कळायलाच हवं.

मी म्हणालो, "चला, जीभ दाखवायचा खेळ. कुणाची लांब?"

पाच जिभा बाहेर आल्या. चार जिभा एका लॉटच्या, कमीजास्त गुलाबी. पाचवी दुसऱ्याच लॉटची. जांभूळ म्हणावं तर तसं नाही. गुलाबीवर कुणी निळ्याचा पातळ हात मारावा, तशी. मी दोनदा पाहिलं. फरक डोळ्यांत भरण्याइतका होता.

हिला बोलावलं. हिने पाहिलं. मुकादमला पुन्हा जीभ काढायला लावली.

"संध्याकाळी तिच्या आईला सांगू," एवढंच म्हणाली. "मी सांगते."

पण संध्याकाळी मुकादमची मावशी न्यायला आली. उद्या सांगू.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मी गाढव आहे.

सकाळी मुकादमची आई आली तेव्हा ही मोरीत जोडगोळीतल्या एकाला धूत होती. दार मी उघडलं. रात्रभर डोक्यात तेच होतं, ते तोंडातून निघालं, "बाई, तुमच्या मुलीचा रंग मला बरोबर वाटत नाही."

चौतीस वर्षं मी हेच वाक्य बोलत आलो. रंग बरोबर नाही. कापडाला कधी राग आला नाही.

त्या बाईचा चेहरा असा झाला की मी एक पाऊल मागे सरकलो. आवाज न चढवता ती म्हणाली, "काका, तुम्हीसुद्धा? हिचा जन्म झाला त्या दिवसापासून सासूबाई हेच म्हणतायत. शेजारीण हेच म्हणते. दुकानात गेले तर दुकानदार गोरं व्हायचं क्रीम पुढे करतो. मला वाटलं, निदान इथे तरी तिला मुलगी म्हणून बघतील."

"अहो, तसं नाही, मी ओठांचा..."

"सावळी आहे ती. माझ्यासारखी. तुमच्या घरात चालत नसेल तर राहिलं."

मुकादमला कडेवर घेतलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि निघून गेली. मुकादमने तिच्या खांद्यावरून मला टाटा केला.

ही साबणाचे हात घेऊन बाहेर आली. सगळं ऐकलं होतं. "तुम्हाला कापडाशी बोलायची सवय," म्हणाली. आणि परत मोरीत गेली. 

१५ फेब्रुवारी, शनिवार

हिने दोनदा फोन करून पाहिला. तिकडून उचलत नाहीत.

आज एक नवीच शंका आली. मागच्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, आता निळं जास्त निळं दिसेल. जुनं भिंग पिवळं पडलेलं असतं, ते गेलं की निळा उघडतो. मग मी पाहिलं ते मुकादमच्या जिभेवर होतं की माझ्या डोळ्यात?

सकाळपासून एकेक डोळा मिटून घरातल्या वस्तू बघतोय. डाव्या डोळ्याने बादली निळी, उजव्याने जास्त निळी. डाव्याने हिची साडी राखाडी, उजव्याने आकाशी. हिने विचारलं, "डोळे काय मारताय?" मी कारण सांगितलं. मला वाटलं, हसेल.

"मी पाहिलं ना," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांचं कुठे ऑपरेशन झालंय?"

दिलासा मिळायला हवा होता. उलट भीती वाटली. म्हणजे ते खरंच आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज मी पोपटाच्या आईलाही घाबरवलं. पोपटाने थंड पाण्याच्या बादलीत अर्धा तास होड्या सोडल्या, आणि हात बाहेर काढले तर बोटं निळसर!  पोपटाला उचललं आणि कोपऱ्यावरच्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे पळालो. त्याची आई कामावरून धावत आली.

डॉक्टरीणबाईंनी पोपटाला जीभ काढायला सांगितलं. त्याने काढली, आणि आत घ्यायच्या आधी तिच्यावरून चार वाक्यं बोलला. बाईंनी त्याचे हात आपल्या हातांत घेऊन चोळले. दोन मिनिटांत गुलाबी.

"थंडीने हातापायांचा रंग असा होतो," त्या म्हणाल्या. "लहान मुलांत तर खूपच. जीभ गुलाबी, ओठांची आतली बाजू गुलाबी, मग घाबरायचं कारण नाही."

पोपटाच्या आईने माझ्याकडे असं पाहिलं की उद्या दुसरं पाळणाघर शोधेल. मी मात्र तिथेच बसून राहिलो. म्हणालो, "आणि जीभच निळसर असेल तर?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. एकेक विचारू लागल्या. वय किती? वजन वाढतं का? खाताना दमते, घाम येतो? बोटांची टोकं फुगीर आहेत? मी हो हो म्हणत गेलो. मग त्यांनी विचारलं, "धावली की मध्येच उकिडवी बसते का?"

 पाच मुलं ओळीने बसलेली दिसली, आणि गॅलरीत टाळ्या वाजवणारा मी.

बाईंनी कागदावर हृदय काढून दाखवलं. काही मुलांच्या हृदयात जन्मापासून दोन कप्प्यांच्या मधल्या भिंतीत छिद्र असतं, आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. मग बरंचसं रक्त प्राणवायू न घेताच अंगभर फिरतं, आणि तसं रक्त निळसर दिसतं. उकिडवं बसलं की पायांकडचा प्रवाह अडतो, फुप्फुसांकडे थोडं जास्त रक्त ढकललं जातं. मुलाला कुणी शिकवलेलं नसतं. त्याला बरं वाटतं म्हणून ते बसतं. निळेपणाची हृदयाची आणखीही कारणं असतात. काहींत मुख्य नळ्याच उलटसुलट जोडलेल्या असतात, पण ती बाळं बहुतेक जन्मल्यावर थोड्याच दिवसांत निळी दिसतात. "तुम्ही सांगता त्यावरून मला पहिली शंका येते. पण तपासल्याशिवाय काही खरं नाही. लवकर आणा तिला. आणि रडता रडता एकदम निळी पडली, धापा टाकायला लागली, तर गुडघे दुमडून छातीशी घट्ट धरा, शांत ठेवा, आणि तसेच घेऊन या."

"सावळ्या मुलांत कातडीवर पटकन कळत नाही," हेही म्हणाल्या. "म्हणून आम्ही जीभ बघतो. तुम्हाला कुणी सांगितलं जीभ बघायला?"

मी म्हणालो, "कुणी नाही. कातडीचा रंग न चढलेला तेवढाच भाग होता."

२० फेब्रुवारी, गुरुवार

ही सकाळी मुलं माझ्यावर सोपवून पोस्टात गेली. मी बरोबर येऊ का विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही तोंड उघडायचं नाही या आठवड्यात."

पुढचं सगळं हिच्याकडून ऐकलेलं.

ही काउंटरच्या रांगेत उभी राहिली. मुकादमच्या आईने मान वर केली आणि म्हणाली, "काकू, इथे नको."

"मला एक पाकीट द्या," ही म्हणाली. "आणि एकच सांगा. घरी जिना चढताना ती मध्येच बसते का?"

बाईचा पाकिटावरचा हात थांबला. "तिसऱ्या मजल्यावर राहतो. प्रत्येक वळणावर बसते. का?"

हिने रंग हा शब्दच काढला नाही. उकिडवं बसणं, घाम, उरलेला भात, जीभ आणि डॉक्टरीणबाईंचा कागद, एवढंच बोलली. मागे रांग कुरकुरत होती. बाईने खिडकीवर 'बंद' ची पाटी लावली आणि मागच्या दाराने बाहेर आली. पार्सलांच्या ढिगाशेजारी उभ्या उभ्या रडली.

म्हणाली, "नखं मीच रंगवते तिची. आधी नव्हती अशी, वर्षभरापासून काळपट दिसायला लागली. लोक विचारायचे. मला वाटलं, तिचा रंगच उतरत चाललाय. मी आई असून झाकत बसले, काकू."

"आमच्या ह्यांनी तर टाळ्या वाजवल्या," ही म्हणाली. "आता झालं ते झालं. कधी जायचं ते बोला."

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या उद्याच आणा म्हणत होत्या, पण बाप सोमवारी पहाटे ट्रक घेऊन परत येतोय, तोवर थांबावं असं बाईचं म्हणणं. सोमवारी अकराची वेळ ठरली.

मी पोरीच्या नखांवर नाक मुरडलं होतं. मागची पानं उलटून पाहिली, तसंच लिहिलंय. खोडणार नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज अक्षर वेडंवाकडं येईल.

अकराच्या आधी दोन तास काउंटर सांभाळून रजा घ्यायची म्हणून बाईने मुकादमला नऊला आमच्याकडे सोडलं. बारा दिवसांनी आली. मला पाहून हसली, पण आई वळताच रडायला लागली. रोजचं रडणं असतं तसंच. मग आवाज बारीक झाला. मी पाहिलं, तर ओठ निळे, मग गालही, श्वास भराभर, डोळे वर जातायत.

चौतीस वर्षांत मी खूप निळे पाहिले. हा पुन्हा कधी पाहायचा नाही.

मी जमिनीवर बसलो, तिला पोटाशी घेतलं आणि दोन्ही गुडघे दुमडून तिच्या छातीला टेकवले. घट्ट. ही फोनकडे धावली, आणि तेवढ्यात दारात जोडगोळीचा बाप! इंजिन चालूच. त्या माणसाने एक प्रश्न विचारला नाही. जोडगोळीला आत ढकललं, मला कोपराला धरून उठवलं, गाडीत बसवलं.

बसस्टॉपवर मुकादमची आई उभी होती. ही फोनवर तिला सांगतच होती. गाडी पुरती थांबायच्या आधी ती आत आली.

"द्या माझ्याकडे."

"नको. घडी मोडेल."

तिला काय कळलं देव जाणे, पण तिने हात मागे घेतले आणि पोरीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी गुणगुणायला लागली.  पोरगी थोडी सैल झाली, श्वास जरा लांब झाला.

डॉक्टरीणबाईंनी पाहताक्षणी प्राणवायू लावला आणि मोठ्या इस्पितळाची रुग्णवाहिका बोलावली. बोटाला चिमटा लावायचा तर नखांवर पॉलिश. ते पुसायला वेळ नव्हता, मग चिमटा पायाच्या बोटाला लावला. आकडा बासष्ट. मोठ्या इस्पितळात सुई दिली, औषध दिलं. आकडा सत्तर, शहात्तर, चौऱ्याऐंशी. मुकादमने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

बाप तिथेच आला, पहाटे पोचायचा तो वाटेत अडकला होता, ट्रकवरून थेट, कपड्यांवर रस्त्याची धूळ. उंचापुरा माणूस. मी त्याला सगळं सांगू लागलो, तर त्याने माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मग भिंतीकडे तोंड केलं.

घरी आलो तर ही चार मुलांना घेऊन बसलेली. बॅरिस्टरने विचारलं, "मुकादम का गेली?" मी म्हणालो, बरी होऊन यायला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सोनोग्राफीसारखी तपासणी झाली हृदयाची. डॉक्टरीणबाईंची शंका खरी निघाली: भिंतीत छिद्र आणि फुप्फुसाकडची वाट अरुंद. जन्मापासूनचं. शस्त्रक्रियेने दुरुस्त होतं, आणि या वयात बहुतेक मुलं त्यातून नीट बाहेर येतात असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. तोवर रोज औषध, पाणी भरपूर, ताप-जुलाब सांभाळायचे, रडवायचं नाही.

"रडवायचं नाही!" बाप म्हणाला. "अडीच वर्षांच्या पोरीला! तिने ट्रक मागितला तरी द्यावा लागेल."

पहिल्यांदा आम्ही सगळे हसलो. मुकादमची आईसुद्धा. मला म्हणाली, "काका, त्या दिवशी मी..." मी म्हणालो, "माझं वाक्यच नापास होतं." तिथे विषय संपला.

१८ मार्च, मंगळवार

आज शस्त्रक्रिया. हिने पाळणाघराला सुट्टी दिली. आठला पोरीला आत नेलं. तिची आई दारापर्यंत बरोबर गेली आणि रिकामे हात घेऊन परत आली. ते हात कुठे ठेवावेत हे तिला दिवसभर कळलं नाही.

हृदय थांबवून रक्त यंत्रावर फिरवतात, छिद्राला ठिगळ लावतात, वाट रुंद करतात. बापाला हे समजावताना डॉक्टरांनी पाण्याच्या नळाचं उदाहरण दिलं. तो म्हणाला, "साहेब, इंजिनाचं सांगा, लवकर कळेल."

मुकादमची आजी, म्हणजे जिच्या बोलण्याने हे सगळं सुरू झालं, तीही आली होती. कोपऱ्यात बसून होती. अकराच्या सुमारास उठली आणि सुनेच्या हातात डबा ठेवला. "खा. ती बाहेर आल्यावर तू उभी राहायला हवीस." सुनेने दोन घास खाल्ले. मी दोघींकडे न बघण्याचा आव आणला.

दीड वाजता डॉक्टर बाहेर आले. टोपी काढली. टोपी का काढली हे कळेना. गरम होत होतं म्हणून काढली होती. "झालं," ते म्हणाले. "नीट झालं. स्वतःच्या हृदयावर आहे आता."

बाप खाली बसला. थेट जमिनीवर. ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, चारचौघांत. लग्नाच्या चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी तिच्या पाठीवर थोपटलं आणि इकडेतिकडे पाहिलं. कुणीही आमच्याकडे बघत नव्हतं.

२३ मार्च, रविवार

अतिदक्षता विभागातून बाहेर आणली. आज आम्हाला भेटू दिलं. छातीवर पट्टी, नाकाला नळी, चेहरा वैतागलेला. पण ओठ! मी खिडकीचा पडदा सरकवला. ही म्हणाली, "अहो, झालं की आता, पुरे." तरी पाहिलं. जीभ काढ म्हटलं तर तिने काढली नाही. रागावली आहे आमच्यावर, सुया टोचू दिल्या म्हणून. ओठांवरूनच पास केलं. डाव्या डोळ्याने पाहिलं, उजव्यानेही पाहिलं. बोटाच्या चिमट्यावर सत्त्याण्णव.

आजी पलंगाशी उभी होती. नातीकडे बघत म्हणाली, "उजळली गं. आता अजून उजळेल."

सून चादर नीट करत होती. शांतपणे म्हणाली, "रंग माझाच आहे आई तिचा. तो काही ऑपरेशनने जायचा नाही."

  म्हातारीने खाली वाकून नातीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "न जाऊ दे," म्हणाली. "आहे तो बरा आहे." आणि सुनेला म्हणाली, "तू घरी जाऊन अंघोळ करून ये. मी बसते."

२ जून, सोमवार

मुकादम आजपासून परत पाळणाघरात. मधल्या काळात डॉक्टरांनी तीनदा तपासलं. आता पळू दे, खेळू दे म्हणाले. वर्षानुवर्षं तपासणीला जावं लागेल, ते जातील. छातीचं हाड सांधेपर्यंत काखेत हात घालून उचलायचं नाही हे पथ्यही संपलं, तरी मी खालूनच उचलतो.

वजन दोन किलो वाढलंय. नखं बिनरंगाची. सकाळी तीन वाट्या भात खाल्ला आणि बॅरिस्टरच्या वाटीत हात घातला. दिवाणखान्यात फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. जोडगोळी दमून बसली, मुकादम नाही. मी गॅलरीत येऊन बसलो, कारण बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती.

चार वाजता पोपटाने तिची गाडी घेतली. तिने लाकडी ठोकळा उचलला आणि पोपटाच्या टाळक्यात हाणला. पोपटाने पहिल्यांदाच एकही शब्द न वापरता टाहो फोडला. हिने ठोकळा काढून घेतला, मुकादमला कोपऱ्यातल्या चटईवर बसवलं. "मारायचं नाही. इथे बसायचं."

आजवर तिला कुणी असं बोललं नव्हतं. कुणाची छातीच झाली नसती. तिने आधी हिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तोंड उघडलं आणि असा भोंगा लावला की खिडकीची काच थरथरली. मी खुर्चीतून उठलो.

"बसा," ही म्हणाली. "हात लावाल तर बघा."

"अगं पण..."

"गालांकडे बघा तिच्या."

पाहिलं. लालबुंद. मी परत बसलो, पण बसवेना, म्हणून दार उघडून जिन्यात गेलो. तिथे तिची आई उभी. लवकर सुटली होती. हात घंटीवर, पण घंटी वाजवलेली नव्हती.

"किती वेळ रडतेय?" तिने विचारलं.

"पाच मिनिटं होऊन गेली. पोपटाला ठोकळा मारला. आमच्या हिने चटईवर बसवलंय. थांबवू का?"

आतून आवाज आणखी चढला. ती कान देऊन ऐकत होती.

"दम लागलाय तिला?"

"छे. शेजारचे तक्रार करतील आता."

बाईने पिशवी खांद्यावरून उतरवली आणि पायरीवर बसली.

"मग रडू दे थोडं," ती म्हणाली.

मीही वरच्या पायरीवर बसलो. आम्ही दोघं ऐकत राहिलो.